दोन दांड्यांवरील यंत्रमानव

प्रचंड यंत्रमानव आपल्या आज्ञेत वागावा, ही कल्पना जपानी चित्रकथांनी मुलांच्या मनात फार पूर्वी रुजविली. १९५६ साली मित्सुतेरू योकोयामा यांच्या 'तेत्सुजिन २८' या चित्रकथेतील मुलगा दूर उभा राहून यंत्रमानव चालवीत असे. १९७२ साली गो नागाई यांच्या 'माझिंगर झेड'मध्ये चालक यंत्राच्या मस्तकातच जाऊन बसला. पुढे १९९५ साली सेगा या जपानी कंपनीने 'व्हर्च्युअल-ऑन' हा व्हिडिओ गेम काढला, तेव्हा चालकाचे ते आसन खेळणाऱ्यास लाभले.

या खेळाची कथा अर्धी विज्ञानाची व अर्धी अद्भुताची आहे. चंद्रावर प्राचीन संस्कृतीची एक गूढ वास्तू सापडते, आणि तिच्यातील ज्ञानातून ही युद्धयंत्रे जन्मास येतात. त्यांची रूपे हाजिमे कातोकी यांनी रेखाटली. 'रायडेन' हे वजनदार व मारक यंत्र आहे. 'वायपर' हलके व चपळ आहे.

नाणे टाकून चालविण्याच्या मूळ यंत्रावर खेळणाऱ्याच्या दोन हातांत दोन दांडे असत. दोन्ही एकाच दिशेस लोटले, की यंत्रमानव त्या दिशेस सरके. एक पुढे व एक मागे केला, की तो वळे. दोन्ही बाहेरच्या अंगास फाकविले, की तो उडी घेई. चाप ओढला की अस्त्र सुटे आणि अंगठ्याने बटण दाबले की यंत्र वेगाने धाव घेई.

आता वाचकांस वाटेल की, ज्याचा हात चपळ तोच येथे जिंकणार. परंतु गणित काही निराळेच सांगते. पडद्यावर दर सेकंदास सुमारे ६० चित्रे उमटतात. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीस हाताने उत्तर द्यावयास मनुष्यास सुमारे पाव सेकंद लागतो. तेवढ्यात पंधरा चित्रे सरून गेलेली असतात! सारांश, समोर आलेला गोळा पाहून मग हात हालविणारा बहुधा उशीरच करितो.

शिवाय प्रत्येक वेगवान हालचालीचे मोल द्यावे लागते. उडीनंतर जमिनीवर टेकताना यंत्र क्षणभर ताठरते, आणि तोच क्षण शत्रूस साधतो. अस्त्रांची शक्तीही वापरल्याने घटते व पुन्हा भरावयास वेळ घेते. म्हणून जाणता खेळाडू उगाच धावत नाही. शत्रूचे पाऊल कोठे टेकेल याचा तो आधी अंदाज बांधतो व अस्त्र राखून ठेवितो. शत्रू दृष्टीआड झाल्यास तो गोंधळत नाही. उडी घेताच यंत्र आपोआप शत्रूकडे तोंड करिते, हे त्यास ठाऊक असते.

तात्पर्य, या अतिवेगवान खेळात हाताची चपळाई दुय्यम ठरते आणि पुढचे पाहणारी बुद्धी मुख्य ठरते. यंत्र कितीही बलाढ्य असो, त्यास विचार पुरवावयाचा तो मनुष्यानेच.