विश्लेषण : ऐन भरात मैफली सोडणारा पियानोवादक! ग्लेन गूल्ड यांनी रंगमंचाकडे पाठ का फिरवली?

कॅनडाचे पियानोवादक ग्लेन गूल्ड यांनी १० एप्रिल १९६४ रोजी लॉस एंजलिसच्या विल्शायर एबेल थिएटरमध्ये पियानो वाजवला. निवृत्तीची घोषणा झाली नाही, निरोपाचे भाषणही नाही. पण ती त्यांची शेवटची जाहीर मैफल ठरली. तेव्हा त्यांचे वय होते अवघे ३१. पुढची १८ वर्षे ते वाजवत राहिले, मात्र तिकीट काढून आलेल्या श्रोत्यांसमोर पुन्हा कधीच नाही. हा कलावंताचा लहरीपणा होता की त्यामागे काही विचार होता?

ग्लेन गूल्ड कोण होते?

गूल्ड यांचा जन्म २५ सप्टेंबर १९३२ रोजी टोरांटोत झाला. पहिले धडे आईनेच दिले. त्यानंतर चिलीहून आलेले अल्बर्टो ग्वेरेरो हे त्यांचे गुरू झाले. वडिलांनी १९५३ मध्ये एका घडीच्या खुर्चीचे पाय कापून त्यांना बुटकी खुर्ची करून दिली. तिची बैठक जमिनीपासून जेमतेम ३५ सेंटीमीटर उंच. पट्ट्या जवळपास छातीच्या पातळीवर येत. त्यामुळे खांद्यांचा जोर न लावता केवळ बोटांनी वाजवता येई आणि प्रत्येक स्वर सुटा, स्वच्छ ऐकू येई. बैठक फाटली तरी गूल्ड यांनी ती खुर्ची आयुष्यभर सोडली नाही.

एका रेकॉर्डने जगभर नाव कसे झाले?

जानेवारी १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम झाला आणि दुसऱ्याच दिवशी कोलंबिया रेकॉर्ड्सने त्यांच्यापुढे करार ठेवला. पहिल्या रेकॉर्डसाठी २२ वर्षांच्या गूल्ड यांनी बाखची ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ निवडली. एक संथ सुरावट, म्हणजे ‘एरिया’, आणि तिच्याच पायावर उभी असलेली ३० रूपे, अशी या रचनेची बांधणी आहे. विद्वानांनी वाखाणावी, पण सामान्य श्रोत्याने फारशी ऐकू नये, अशी तिची तेव्हाची ख्याती. १९५६ मध्ये रेकॉर्ड बाजारात आली आणि तिच्या चपळ, लखलखीत वादनाने गूल्ड यांचे नाव घरोघरी पोहोचले. १९५७ मध्ये शीतयुद्ध सुरू असताना त्यांनी मॉस्को आणि लेनिनग्राडही गाजवले.

मग मैफलींचे वावडे का?

प्रवास, विमान, थंडी, आजारपण या सगळ्याची त्यांना धास्ती असे. भर उन्हाळ्यातही ओव्हरकोट आणि हातमोजे घालून ते वावरत. गोळ्यांची पाकिटे कायम सोबत. मात्र खरा आक्षेप मैफल या प्रकारावरच होता. तिथे वाजलेला स्वर मागे घेता येत नाही. कलाकार घसरतो कधी, याची काही श्रोते वाटच पाहत असतात आणि टाळ्यांच्या आशेने कलाकारही ठरावीक जागा रंगवून वाजवू लागतो, असे त्यांचे मत होते.

एप्रिल १९६२ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसोबत ब्राम्सचा पहिला कन्चेर्तो वाजवायचा होता. गूल्ड यांना तो नेहमीपेक्षा बराच संथ हवा होता. त्यांची मांडणी आपल्याला पटलेली नाही, असे संचालक लेनर्ड बर्नस्टाइन यांनी वादनाआधी श्रोत्यांना सांगितले आणि तरीही साथ केली. हा प्रसंग आजही चर्चिला जातो.

स्टुडिओत ते नेमके काय करायचे?

तेव्हा संगीत चुंबकीय टेपवर मुद्रित होई. व्यावसायिक स्टुडिओत टेप सेकंदाला साधारण ३८ सेंटीमीटर वेगाने फिरे. म्हणजे एका सेकंदाचे संगीत म्हणजे हातभर फीत. ती ब्लेडने कापून दुसऱ्या तुकड्याला जोडता येई. चुका लपवण्यासाठी हे तंत्र सगळेच वापरत. गूल्ड यांनी ते उघडपणे आणि वेगळ्या कामासाठी वापरले.

‘वेल-टेम्पर्ड क्लेव्हियर’च्या पहिल्या खंडातल्या ए मायनर फ्यूगचे त्यांचेच उदाहरण पाहा. सहावा आणि आठवा टेक, दोन्ही निर्दोष होते. पण काही आठवड्यांनी ऐकल्यावर एक नको तितका गंभीर वाटला, दुसरा नको तितका उल्हसित. तेव्हा दोन्ही जोडून एकच फ्यूग तयार केली. पियानोसमोर बसल्यावर न सुचलेली मांडणी कात्रीच्या टेबलावर सापडली. १९६६ मधल्या ‘द प्रॉस्पेक्ट्स ऑफ रेकॉर्डिंग’ या लेखात त्यांनी हे सविस्तर लिहिले आणि शंभर वर्षांनंतर जाहीर मैफल इतिहासजमा झालेली असेल, असे भाकीतही केले.

भाकीत खरे ठरले का?

अर्धेच. सभागृहे ओस पडली नाहीत. मैफलीत श्रोत्यांच्या दादेमुळे कलाकाराला ऐन वेळी जे सुचते, त्याचा हिशेब गूल्ड यांनी मांडलाच नाही. आपल्या भीतीलाच त्यांनी तत्त्वज्ञानाचा मुलामा दिला, अशी टीकाही होते आणि ती अगदीच निराधार नाही. मात्र बहुतेक लोक बहुतेक संगीत ध्वनिमुद्रित स्वरूपातच ऐकतील आणि ते आपल्या सोयीने हाताळतील, हे त्यांनी बरोबर हेरले होते.

केसरबाई केरकर यांच्याशी काय नाते?

१९७७ मध्ये ‘नासा’ने व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली. तिच्यावरच्या २७ संगीततुकड्यांत गूल्ड यांनी वाजवलेला बाखचा सी मेजर प्रील्यूड आणि फ्यूग आहे, तशीच गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाईंची ‘जात कहाँ हो’ ही भैरवीही. गंमत म्हणजे जयपूर-अत्रौली घराण्याच्या केसरबाई मैफलीच्या सम्राज्ञी. ध्वनिमुद्रणाबाबत कमालीच्या नाखूश. गूल्ड नेमके उलट. एकाला मैफल नको, दुसरीला यंत्र नको. आणि दोघांचे सूर आज २४०० कोटी किलोमीटरहून अधिक अंतरावर एकाच तबकडीवर आहेत.

ऐकायला सुरुवात कुठून करावी?

गूल्ड यांनी १९८१ मध्ये ‘गोल्डबर्ग’ पुन्हा मुद्रित केली. सप्टेंबर १९८२ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि ४ ऑक्टोबरला पक्षाघातानंतर त्यांचे निधन झाले. पन्नाशी गाठून नऊच दिवस झाले होते. टोरांटोतल्या त्यांच्या समाधीशिळेवर त्याच एरियाचे सुरुवातीचे स्वर कोरले आहेत.

दोन्ही रेकॉर्डमधली सुरुवातीची एरिया लागोपाठ ऐकावी. १९५५ मध्ये ती दोन मिनिटांच्या आत संपते. १९८१ मध्ये तिलाच तीन मिनिटांहून अधिक लागतात. हेडफोन लावले तर स्वरांमागे कुणीतरी गुणगुणतानाही ऐकू येईल. ते गूल्डच आहेत. वाजवताना गाण्याची ही सवय त्यांना कधीच सुटली नाही आणि ध्वनिमुद्रकांनाही ती टेपवरून काढून टाकता आली नाही.