चॉकलेटी प्लगचा जमाना

गाडी उचलत नाही म्हटलं की जुना मेकॅनिक आधी प्लगपाना काढतो. प्लग बाहेर आला, उजेडात धरला, की निदान सुरू. काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफटक म्हणजे कमी, आणि चॉकलेटी म्हणजे सेटिंग बरोबर. टू-स्ट्रोक यामाहा आरएक्स १०० वर हात बसवलेल्या पिढीला हा धडा तोंडपाठ आहे.

पण तो चॉकलेटी रंग बराचसा शिशाच्या पेट्रोलचा होता. २००० साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं आणि व्यवस्थित चालणाऱ्या फोर-स्ट्रोकचा प्लगही पांढुरका निघू लागला. त्यावरून गाडी लीन, म्हणजे पेट्रोल कमी, ठरवून कार्ब्युरेटरला मोठा जेट ठोकणारे आजही भेटतात. मायलेज पडलं की हेच लोक पंपवाल्याला शिव्या घालतात.

खरं प्लग वाचणं वेळखाऊ आणि किचकट. नवा प्लग लावायचा, वरच्या गियरमध्ये फुल थ्रॉटल द्यायचा आणि तिथेच क्लच दाबून इंजिन बंद करायचं. याला प्लग चॉप म्हणतात. आयडलवर रमतगमत गॅरेजपर्यंत आलात तर प्लगवर आयडलचीच खूण उमटते. मग भिंगातून चिनी मातीच्या पार मुळाशी बघायचं. मेन जेटचा हिशेब तिथल्या कड्यात असतो. बाहेरच्या वाकड्या इलेक्ट्रोडवर रंग कुठे बदलतो त्यावरून उष्णतेचा अंदाज येतो. चिनी मातीवर मिरपूड शिंपडल्यासारखे ठिपके दिसले तर इंजिन ठोकतंय. त्यांत चकाकणारे कण असतील तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम, आणि तेव्हा गाडी पुढे दामटू नये. प्लगची हीट रेंजही चुकता कामा नये: एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड होतो, बॉशमध्ये उलट. बॉशच्याच मायको प्लगवर वाढलेले लोक इथे हमखास गोंधळतात.

गाडी रोलरवर पळवून ताकद मोजणाऱ्या डायनोवर हे सगळं पडद्यावर दिसतं. सायलेन्सरच्या पाइपात वाइडबँड सेन्सर बसवला की धुरातल्या ऑक्सिजनवरून तो लॅम्ब्डा सांगतो. शुद्ध पेट्रोलला लॅम्ब्डा १ म्हणजे वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल; पूर्ण ताकदीसाठी साधारण ०.८५ ते ०.९ ठेवतात. प्रत्येक आरपीएमला, प्रत्येक थ्रॉटलला आकडा मिळतो. प्लग चॉपमधून फार तर एका जागेचं उत्तर निघतं. २०२० च्या बीएस-६ नंतरच्या इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये तर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, स्वतःच सेन्सरचं ऐकून पेट्रोल कमीजास्त करतो. तिथे प्लगच्या रंगावरून मिश्रण ठरवू पाहणाऱ्या मेकॅनिककडे मी गाडी देणार नाही.

टू-स्ट्रोकवर मात्र याच सेन्सरची फसगत होते. न जळलेली ताजी हवा एक्झॉस्ट पोर्टमधून थेट निसटते, तिचा ऑक्सिजनही मोजला जातो आणि गाडी आहे त्यापेक्षा लीन दिसते. म्हणून आरएक्सवाले धुराचं तापमान मोजतात आणि प्लगही काढून बघतात.

त्यात आता ई-२० आलं. इथेनॉल स्वतःबरोबर ऑक्सिजन आणतं, त्याला हवा कमी लागते. जेट तोच ठेवला तर कार्ब्युरेटरची गाडी लीनकडे सरकते. ऊसपट्ट्यातल्या आरएक्सला त्याच उसाच्या इथेनॉलवर चालवायचं तर मेन जेट एक नंबर मोठा लावून बघणं आलं, नवा प्लग घेऊन चॉप करणं आलं. आणि तो प्लग चॉकलेटी निघायची वाट बघू नये, मुळाशी भिंग लावावं.