घराभोवतीचा पाचोळा आणि वणवा

राखेच्या बुधवारी आपण प्रायश्चित्तकाळात प्रवेश करतो, त्या सुमारास कोकणातील डोंगरउतारांवरचे गवत वाळून कडकडीत झालेले असते. वणव्यांचे हेच दिवस. भाजावळीच्या राबातून किंवा फेकलेल्या विडीतून ते पेटतात.

ज्वाळा अंगणापर्यंत न येताही घर पेटू शकते, हे आम्हांस विशेषत्वाने सांगावेसे वाटते. वाऱ्याने उडालेली ठिणगी कौलांवर साचलेल्या पानांत वा पेंढ्याच्या उडवीत पडते आणि धुमसत राहते. म्हणून भिंतीपासून ५ फुटांत पाचोळा, झावळ्या, सरपण काहीच असू नये. पेंढा ३० फूट दूर रचावा व तेथवरचे गवत कापून आखूड ठेवावे. मुळे मात्र खणू नयेत, अन्यथा पहिल्याच पावसात माती वाहून जाईल. आग चढणीवर अधिक वेगाने धावते. म्हणून उतारावरील घरांनी खालच्या बाजूस आणखी अंतर साफ करावे.

आंबा-फणस तोडण्याचे कारण नाही. जमिनीलगतच्या फांद्या छाटल्या म्हणजे गवतातील आग सहसा शेंड्यापर्यंत चढत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सृष्टीला आपले सामायिक घर म्हटले. साफसफाईच्या नावाखाली त्या घरावर कुऱ्हाड चालवणे आम्हांस मान्य नाही.

गोळा केलेला पाचोळा भर दुपारी पेटवणे, हाच पुष्कळदा नव्या वणव्याचा आरंभ ठरतो! तो खड्ड्यात कुजवावा, वाडीला खत मिळेल. एकट्या राहणाऱ्या वृद्धांचे अंगण धर्मग्रामातील युवकांनी राखेच्या बुधवारपूर्वीच साफ करून द्यावे.