चित्रें कोणत्या रूपांत जपावीं?

आमच्या आजोबांच्या हातची एक पोथी घरांत होती. पुतण्यानें मोबाइलवर तिच्या पानांचीं छायाचित्रें काढून सर्व नातलगांस धाडलीं. धाडतांना तीं आकसलीं. मूळ चित्रें जागा अडवितात म्हणून त्यानें पुसून टाकलीं, आणि पुढें पोथीस वाळवी लागली. आतां उरलेलीं चित्रें मोठीं करून पाहावीं, तों अक्षरांभोंवतीं धूसर कण दिसतात आणि अनुस्वार कोणता व डाग कोणता, हें कळत नाहीं. दोष एकट्या मुलाचा नव्हे. कोणतें चित्र कोणत्या रूपांत ठेवावें, हें आम्हां वडीलधाऱ्यांसही ठाऊक नव्हतें. वाचकांच्या घरीं असें होऊं नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

१९९२ सालीं प्रमाण ठरलेली जेपेग ही पद्धति छायाचित्रांकरितां आहे. ती चित्राचे ८ बिंदू लांब व ८ बिंदू रुंद असे चौकोन पाडते आणि डोळ्यांस सहसा न जाणवणारा तपशील गाळते. म्हणून चेहरे, डोंगर, लग्नमंडप तींत चांगले दिसतात व फाइल लहान राहते. परंतु काळ्या अक्षराची रेखीव कड तिला मानवत नाहीं. शिवाय फेरफार करून चित्र पुनःपुन्हां जतन केलें, कीं दरवेळीं आणखी तपशील गळतो.

१९९६ सालची पीएनजी पद्धति शालूच्या घडीसारखी आहे. जागा कमी लागते, पण घडी उलगडतांच एक धागाही उणा नसतो. वंशावळी, नकाशे, हस्तलिखितें यांस ती योग्य. मुद्रणासाठीं व ग्रंथसंग्रहांसाठीं टिफ वापरतात. ए-४ आकाराचें रंगीत पान दर इंचास ३०० बिंदूंनीं घेतलें, तर तें न आकसतां सुमारें २६ मेगाबाइट होतें. निमंत्रणपत्रिकेवरील गणपतीची रेखाकृति एसव्हीजींत करावी. तींत बिंदू नसून रेषांचें गणित असतें, त्यामुळें ती कितीही मोठी केली तरी फुटत नाहीं.

एक भ्रम मात्र नसावा. जेपेगचें पीएनजी केल्यानें गळालेलें परत येत नाहीं. पुढील गळती तेवढी थांबते. तेव्हां मूळ प्रत टिफ किंवा पीएनजींत दोन ठिकाणीं जपावी, आणि धाडावयाची लहान प्रत तिच्यावरून जेपेगमध्यें करावी.

आमच्या पोथीचीं चार पानें वाळवीपासून वांचलीं आहेत. तीं पुतण्यानें परवां टिफमध्यें घेतलीं. त्यांतील प्रत्येक अनुस्वार जागच्या जागीं दिसतो.