आपल्या सिरोंच्याचा बारापासॉरस

वर्गात 'डायनोसॉर' म्हटलं की मुलं सिनेमातली नावं धडाधड सांगतात. 'बारापासॉरस' मात्र कुणी म्हणत नाही. आणि तोच तर आपला! सिरोंचा तालुक्यातील पोचमपल्ली गावाजवळ १९६०-६१ च्या सुमारास त्याची जवळपास ३०० हाडे निघाली. तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता (तो १९८२ चा), सगळा मुलूख चांदा जिल्ह्यातच.

मुलांना नावाची फोड करून सांगा. 'बडा' म्हणजे मोठा, बंगालीत 'पा' म्हणजे पाय. मांडीचे एकच हाड सुमारे १.७ मीटर, म्हणजे गुरुजींच्या उंचीएवढे! आडनाव 'टागोराय', कारण १९६१ हे रवींद्रनाथांचे जन्मशताब्दी वर्ष.

त्याच 'कोटा' खडकांत जाड, चकचकीत खवल्यांचे मासे सापडतात आणि चक्क शार्कचे दातही. जंगलात शार्क? इथे मुलं हसणारच. मग त्यांना कानाचा वरचा भाग वाकवून पाहायला सांगा. शार्कचा सांगाडा असा कूर्चेचा असतो. तो कुजतो, दात मात्र चिखलात टिकतात. पुढे त्या चिखलाचाच खडक होतो.

सांगाडा पाहायचा तर थेट कोलकाता, भारतीय सांख्यिकी संस्थेचे संग्रहालय. आपली पोरं एवढ्या लांब कधी जाणार? सिरोंच्याजवळ वडधमचे जीवाश्म उद्यान तरी दाखवा. तिथला दगड खिशात घालू नये, हे आधीच बजावा. आणि शाळेच्या मैदानावर चुन्याने १४ मीटरची रेघ ओढा. साधारण एवढा लांब होता तो.