वॉट नंतर बघा, आधी ओहम!

एक काम करा. घरी, हॉस्टेलवर, फ्लॅटवर जो कुठला स्पीकर असेल, तो उलटा करा आणि मागचं स्टिकर वाचा. घोड्याच्या नालेच्या आकाराचं एक चिन्ह दिसेल, त्याच्या आधी एक आकडा. ८, ६, ४, कधी ३. तो आकडा आम्ही वाचला नाही, म्हणून हा लेख.

झालं असं, की माझा रूममेट दिवाळीच्या सुट्टीनंतर सांगलीहून येताना घरचा जुना ५.१ होम थिएटरचा सेट घेऊन आला. तोच, डीव्हीडी प्लेअरवाला, जो एकेकाळी प्रत्येक हॉलमध्ये टीव्हीखाली असायचा. प्लेअर कधीच बंद पडलेला, पण पाच छोटे स्पीकर ठणठणीत. मग काय, चौघांनी कॉन्ट्री काढली आणि बारा हजारांत सेकंड हँड एव्ही रिसीव्हर उचलला. शनिवारी रात्री पिक्चर लावला, आवाज असा की शेजारच्या काकांनी भिंत ठोकली. चाळीस मिनिटं मस्त गेली. मग ऐन फायटिंगमध्ये आतून ‘टक्’ असा आवाज आला, स्क्रीनवर ‘प्रोटेक्ट’ ही अक्षरं उमटली आणि सगळं शांत. थोडं थांबून पुन्हा चालू केला, दहा मिनिटांत पुन्हा टक्.

दुसऱ्या दिवशी तावातावाने दुकानात गेलो. दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं, आम्ही सोबत नेलेला स्पीकर उलटा केला आणि स्टिकरवर बोट ठेवलं. ३ ओहम. मग रिसीव्हर फिरवला. स्पीकरच्या टर्मिनलजवळ छापलेलं होतं, ६ ते १६ ओहम. आमचा पॉइंटच संपला.

आता थोडी बारावीची फिजिक्स. घाबरू नका, एकच फॉर्म्युला आहे. व्हॉल्यूमच्या एका ठरावीक पातळीला रिसीव्हर स्पीकरला साधारण ठरावीक व्होल्टेज देतो. समजा २० व्होल्ट. स्पीकर ८ ओहमचा असेल तर करंट अडीच अ‍ॅम्पियर आणि पॉवर ५० वॉट. तोच ४ ओहमचा असेल तर करंट ५ अ‍ॅम्पियर, पॉवर १०० वॉट. आमच्या ३ ओहमला जवळजवळ पावणेसात अ‍ॅम्पियर. तुम्ही म्हणाल, पॉवर वाढली तर चांगलंच की! पण ती फुकट येत नाही. तो सगळा करंट रिसीव्हरच्या ट्रान्झिस्टरमधून जातो, ते तापतात. आणि बहुतेक रिसीव्हरमध्ये पाच-सात चॅनलना मिळून ट्रान्सफॉर्मर एकच असतो. शेवटी जीव वाचवायला प्रोटेक्शन सर्किट सगळं बंद करतं. आमचा नुसता बंद पडला हे नशीब. ते सर्किट नीट काम करत नसेल तर आऊटपुटचे ट्रान्झिस्टर जळतात, आणि रिपेअरचं बिल ऐकून माणूस थेट नवा घ्यायच्या गोष्टी करायला लागतो.

मग डीव्हीडीच्या सेटवर हेच स्पीकर इतकी वर्षं कसे चालले? कारण त्या सेटचा अ‍ॅम्प्लिफायर याच स्पीकरसाठी बनवलेला होता. त्या जमान्यातल्या बऱ्याच सेट्सचे स्पीकर ३ किंवा ४ ओहमचे असायचे. जोडी घरातल्या घरात जमलेली. आपण त्यातला एक उचलून दुसरीकडे लावतो आणि मग घोळ होतो.

अजून एक गंमत. स्टिकरवरचा आकडा म्हणजे पूर्ण सत्य नाही. स्पीकरचा इम्पीडन्स फ्रिक्वेन्सीप्रमाणे वर-खाली होत असतो, छापलेला आकडा फक्त अंदाज देतो. आयईसीचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड सांगतं, की तो छापील आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये. म्हणजे ८ ओहमवाला ६.४ पर्यंत आणि ४ ओहमवाला ३.२ पर्यंत उतरू शकतो. सेकंड हँड स्पीकरचं स्टिकर फाटलेलं असेल तर मल्टिमीटर लावा. ४ ओहमचा स्पीकर साधारण साडेतीनच्या आसपास दाखवतो, ८ चा सहाच्या आसपास. लॅब असिस्टंट काकांना गोड बोललात तर मीटर विकतही घ्यावा लागत नाही.

आता दुकानात. बॉक्सवर भलंमोठं छापलेलं असतं, ‘१५० वॉट पर चॅनल’. त्याच्या खालची बारीक ओळ वाचा, खरी स्टोरी तिथे आहे. ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, एक चॅनल, १० टक्के डिस्टॉर्शन, असं काही असेल तर तो आकडा विसरा. एकाच सुरावर, एकच चॅनल चालवून, आवाज फाटेपर्यंत ताणून काढलेला आहे तो. ‘८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनल चालू, ०.०८ टक्के डिस्टॉर्शन’ अशी ओळ शोधा. तिथे ८० वॉट दिसले तर ते १५० पेक्षा जास्त खरे. असले फुगवलेले आकडे इतके माजले होते, की अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये अ‍ॅम्प्लिफायरची पॉवर कशी मोजून जाहिरात करायची याचा नियमच केला. म्हणजे हा आजार आपल्या आई-बाबांच्या कॉलेजच्याही आधीचा आहे.

तुमचे स्पीकर ४ ओहमचे असतील तर त्या ओळीनंतर अजून एक बघा. कंपनीने ४ ओहमवरची पॉवर वेगळी दिली आहे का? दिली असेल आणि ती ८ ओहमपेक्षा बऱ्यापैकी जास्त असेल, तर आतला पॉवर सप्लाय दमदार आहे. ४ ओहमचा उल्लेखच नसेल तर मॅन्युअल डाऊनलोड करा आणि स्पीकर इम्पीडन्सची ओळ वाचा. तिथेही किमान ६ लिहिलं असेल तर विषय संपला, सेल कितीही भारी असो. आणि बजेट थोडं ताणता येत असेल तर प्री-आऊट असलेलं मॉडेल घ्या. पुढेमागे पैसे आले की वेगळा पॉवर अ‍ॅम्प जोडता येतो, रिसीव्हर बदलावा लागत नाही.

सेल्समन हमखास सांगेल, ‘मेन्यूत इम्पीडन्स सेटिंग आहे ना, ४ करा, झालं!’ इथे सावध. बऱ्याच रिसीव्हरमध्ये हे सेटिंग आऊटपुटला मिळणारं व्होल्टेज कमी करतं. म्हणजे तो कमी तापतो, पण ताकदही कमी होते. त्याने अशक्त रिसीव्हर पैलवान होत नाही. मॅन्युअल सांगत असेल तर सेटिंग जरूर करा, पण फक्त ते आहे म्हणून विकत घेऊ नका.

सेन्सिटिव्हिटीच्या आकड्यातही एक गोम आहे. ती बऱ्याचदा २.८३ व्होल्टवर मोजतात. ८ ओहमला हे बरोबर १ वॉट, पण ४ ओहमला २ वॉट. त्यामुळे ८७ डेसिबल छापलेला ४ ओहमचा स्पीकर एका वॉटला खरं तर ८४ चाच. एवढ्याच आवाजासाठी दुप्पट पॉवर मागणारा.

स्टिरिओ रिसीव्हरवर ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन जोड्या लावायची हौस असेल तर हेही लक्षात घ्या: ८ ओहमचे दोन स्पीकर पॅरलल जोडले की रिसीव्हरला ते ४ ओहमचेच वाटतात. गॅदरिंगला बाहेरच्या पॅसेजमध्येही आवाज हवा म्हणून आपण हेच करतो.

वायरमध्ये कंजुषी नको. पाच मीटर अंतरासाठी अर्धा स्क्वेअर एमएमची बारीक वायर जाऊन-येऊन ०.३७ ओहमच्या आसपास भरते, म्हणजे ४ ओहमच्या नऊ टक्के. दीड स्क्वेअर एमएमची घेतली तर तीनच टक्के. जोडताना रिसीव्हर बंद ठेवा आणि तारेचा एकही केस शेजारच्या टर्मिनलला लागू देऊ नका. सबवूफर असेल तर मेन्यूत स्पीकर ‘स्मॉल’ करा, ८० हर्ट्झखालचा भार तिकडे जातो. आणि रिसीव्हरवर पुस्तकं, टॉवेल, मॅगीचं पातेलं ठेवू नका. हसू नका, आमच्याकडे तिन्ही होतं.

दुकानदाराने रिसीव्हर परत घेतला नाही, पण ८ ओहमचे जुने बुकशेल्फ स्पीकर स्वस्तात दिले. त्यांच्यावर तो गेले दोन महिने एकदाही बंद पडलेला नाही. सांगलीचे पाच स्पीकर पलंगाखालच्या खोक्यात आहेत. ३ ओहम चालेल असं स्पष्ट छापलेला छोटा अ‍ॅम्प आम्ही शोधतोय. तपकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडला दिसला तर सांगा, पण आधी त्याच्या मागचं वाचून.