परतीचे तिकीट

झाडीपट्टीच्या माणसाला समुद्र तसा परकाच. आमचे पाणी म्हणजे मामा तलावाचे, बोडीचे, फार तर पावसाळ्यात काठ सोडून शिवारात शिरणाऱ्या वैनगंगेचे. बँकेतून निवृत्त झाल्यावर, २०१९ च्या जानेवारीत, आम्ही उभयतांनी चौदा दिवसांची सागरसफर ठरवली, तेव्हा ब्रह्मपुरीत जो तो एकच विचारी, ‘इतके दिवस पाण्यावर करणार काय?’

करायचे काहीच नसते, हीच त्यातली गंमत. मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरातून जहाज सुटले. आपल्याकडे शेकोट्या पेटलेल्या, तिथे भर उन्हाळा. दोन बंदरांच्या मध्ये कधी एक रात्र, कधी अख्खा दिवस नुसते निळे पाणी. सेशेल्सची राजधानी व्हिक्टोरिया म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. तिथे एक जोडनारळ हातात घेऊन पाहिला. जगातले सर्वांत मोठे बी ते; नारळ कसला, धोंडाच! मादागास्करच्या नोसी बे बेटावर उतरलो, तर इलांग-इलांगच्या पिवळ्या फुलांचा वास. त्या फुलांचे अत्तर पार फ्रान्सपर्यंत जाते.

पुढे रेयुनियाँ. हे बेट हिंदी महासागरात असले तरी राज्य फ्रान्सचे. इथल्या व्हॅनिलाची कथा ऐकण्यासारखी आहे. मूळचा मेक्सिकोचा वेल इथे आणला, फुलेही आली. पण परागीकरण करणारे तिकडचे कीटक इथे नव्हते, त्यामुळे शेंगा धरेनात. १८४१ मध्ये एडमंड अल्बियुस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने काडीने आणि अंगठ्याने फुलाचे परागीकरण करून दाखवले. त्या युक्तीवर व्हॅनिलाचा व्यापार उभा राहिला. १८४८ मध्ये गुलामगिरी उठली, एडमंड मोकळा झाला. पण १८८० मध्ये तो गरिबीतच मेला. जमाखर्चात उभा जन्म गेलेल्या माझ्यासारख्याला हा हिशेब काही केल्या जुळेना.

जहाज पुन्हा मॉरिशसला लागले. रस्त्याच्या दोहों बाजूंना ऊस. आमच्या सौभाग्यवती जन्मभर धानाच्या बांधीत वावरलेल्या. त्यांनी गाडीच्या काचेतून पाहत विचारले, “येवढा ऊस लावला कोनं?”

उत्तर बंदराजवळच होते. आप्रवासी घाट. दगडी इमारतीचे थोडे अवशेष आणि सोळा पायऱ्या. १८३५ मध्ये मॉरिशसमधली गुलामगिरी संपली आणि मळेवाल्यांनी मजुरांसाठी हिंदुस्थानाकडे मोर्चा वळवला. त्याआधीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, ‘अ‍ॅटलस’ जहाजातून छत्तीस मजूर उतरले होते. छोटा नागपूरकडचे, म्हणजे आमच्यासारख्याच जंगलपट्टीतले. पुढे सुमारे साडेचार लाख माणसे आली. त्यांत मुंबई बंदरातून निघालेले मराठी लोकही होते. आज त्यांच्या वंशजांच्या घरात बोलणे क्रिओलमध्ये चालते. पण शाळेत मराठी शिकवतात आणि गणेश चतुर्थीला देशभर सुटी असते. २००६ मध्ये युनेस्कोने हा घाट जागतिक वारसा ठरवला.

त्या मजुरांचा करार साधारण पाच वर्षांचा. ‘अ‍ॅग्रीमेंट’चे झाले ‘गिरमिट’. पुरुषाला महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस गैरहजर राहिले, तर दोन दिवसांचा पगार कापत. परतीचा प्रवास आधी फुकट असे. १८५० नंतरच्या काही वर्षांत ती सवलतच काढून घेतली. कर्जाचे कागद वाचताना मी नेहमी शेवटचे कलम आधी पाहत असे. या कागदातले खरे कलम हेच. माझ्या खिशात परतीचे तिकीट होते, म्हणून माझा प्रवास सहल ठरला. ज्यांचे तिकीट फाडले गेले, त्यातल्या बहुतेकांचा देशच बदलला.

हे दूरदेशीचे आणि जुने म्हणून सोडून द्यावे, तर तसेही नाही. धानाची कापणी उरकली की ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाहीकडची माणसे मिरची तोडायला तेलंगणात जातात. बिऱ्हाड पाठीवर, लेकरे कडेवर. बाया-माणसे गाडीत कोंबून बसलेली असतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा हजारो जण तिकडच्या शिवारांतच अडकले. कित्येक जंगलवाटांनी पायी घराकडे निघाले. पुढची रोवणी कशी होणार, ही काळजी चालतानाही सुटत नव्हती.

कंत्राटदारामार्फत परराज्यात जाणाऱ्या मजुरांसाठी १९७९ मध्ये कायदा झाला. त्यात जाण्याचे आणि येण्याचेही भाडे कंत्राटदाराने द्यावे, असे स्पष्ट लिहिले होते. कागद उत्तम होता. पण गावातून गाडी सुटताना त्यात कोण बसले, कुठे चालले, याची साधी यादी तरी ग्रामपंचायतीच्या वहीत असते का? कामावर जाणारा माणूस हात हलवत गेला तरी चालेल. त्याच्या परतीची जबाबदारी कोणाची, हे मात्र निघण्याआधी लिहून ठेवलेले असावे. बँकेत अशी नोंद एका ओळीत होत असे. तेवढी एक ओळ कोणत्याही वहीत मावते.